उबेच्या पेटीतला आणखी एक दिवस

मित्रांनो, मी एक जुनी उबेची पेटी आहे. डब्यातलं जेवण गरम ठेवणारी नव्हे हं. ज्यांना मूल हवं असतं पण आपसूक होत नाही, त्यांच्यासाठी दवाखान्यात आईचं बीज आणि वडिलांचं बीज एकत्र आणतात आणि काही दिवस माझ्या पोटात ठेवतात. माणसाच्या अंगाइतकी ऊब मी तिथे धरून ठेवते. एवढी नाजूक जोखीम सांभाळायची म्हणजे स्वभाव जरा खडूसच हवा. कुणी उगाच दार उघडलं की माझा दिवा लाल होतो आणि मी कोकलायला लागते. म्हणून सगळे मला 'म्हातारी' म्हणायचे.

मी नवी होते तेव्हा मोठे डॉक्टर पाहुण्यांना मुद्दाम आणून मला दाखवत. खरी काळजी मात्र घेतली ती प्रयोगशाळेतल्या ताईने. तिथे अत्तर, पावडर, वासाचं तेल सगळं बंद, कारण वासानेसुद्धा कोवळ्या बीजांना अपाय होतो. एका ड्रायव्हरबाईंचे यजमान चांगलं काम आहे म्हणून अंगभर अत्तर फवारून आले होते. ताईने त्यांना जिन्यातूनच अंघोळीला परत पाठवलं. बिचारे ओशाळून गेले.

त्या ड्रायव्हरबाई शहरातली बस चालवायच्या. शस्त्रक्रियेच्या खोलीत आणि माझ्या खोलीत एक छोटी खिडकी आहे, तिच्यातून बीजं आत येतात आणि बोलणंही ऐकू येतं. बाईंना शाळेत असल्यापासून पाळीत जीव जाईस्तोवर दुखायचं. आई म्हणायची, "सगळ्यांनाच दुखतं, बाऊ करू नये." बाईंनी बाऊ केला नाही. दातओठ खाऊन गाडी चालवली. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल होईना, तेव्हा कुठे तपासणी झाली.

डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं. "गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तसंच तुमच्या अंडाशयावरही वाढलंय. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. दर महिन्याला तिथेही रक्त येतं. त्याला वाट मिळत नाही, ते साचून गाठ होते, सूज राहते. त्या सुजेत बीजं कमी उरतात, आणि काही बायकांत ती हवी तितकी सकसही नसतात."

"म्हणजे माझं काही चुकलं का?" बाईंनी विचारलं.

"तुमचं काही चुकलं नाही. दुखणं ऐकून घ्यायला उशीर झाला."

पहिल्या खेपेला खिडकीतून मोजकीच बीजं आली. मी जिवाचं रान केलं, पण एकही तगलं नाही. ताईने रिकामी बशी बाहेर काढली. मला फार वाईट वाटलं. बाईंची बहीण म्हणाली, "पुरे झालं आता. शरीराचे किती हाल करून घेशील?"

बाई म्हणाल्या, "चढावर गाडी बंद पडली तर मी प्रवाशांना सोडून घरी येते का? डॉक्टर नाही म्हणतील तेव्हा थांबेन. तू नको सांगूस."

डॉक्टर नाही म्हणाले नाहीत, पण हमीही दिली नाही. दुसऱ्या खेपेला एकच गर्भ वाढू लागला, तोही रमतगमत. बाकीच्यांचे गर्भ ज्या दिवशी तयार होतात, त्या दिवशी हा अर्ध्या वाटेवर. आणि नेमकी त्याच दिवशी नवी चकचकीत पेटी दारात येऊन उभी राहिली. बसवायला आलेला माणूस घाईत होता.

"ताई, म्हातारीचं बटण बंद करा. आत एवढंसंच तर आहे, नव्या पेटीत हलवून टाका."

"नवी अजून नीट तापलेली नाही," ताई म्हणाली. "याला उघड्यावर आणायचं नाही. आणखी एक दिवस म्हातारी चालू राहील."

"सावकाश वाढणारा टिकतो का पण?"

"कधीकधी टिकतो. उद्या बघू. तुम्ही चहा घ्या आणि उद्या या."

त्या दिवशी मी एक कणभरही ऊब हलू दिली नाही. माझं सगळं आयुष्य त्या एका दिवसासाठीच होतं असं मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी ताईने सूक्ष्मदर्शकात पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि डॉक्टरांना हाक मारली. गर्भ तयार होता. तो बाईंच्या पोटात सोडला आणि मग माझं बटण बंद झालं.

आता मी तपासणीच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभी असते. माझ्या डोक्यावर पाण्याचा जग आणि पेले ठेवतात. आधी मला त्याचा राग यायचा. मग एक दिवस ड्रायव्हरबाई आल्या, चांगल्या सात महिन्यांच्या पोटुशा. मला वाटलं, स्वतःला दाखवायला आल्या असतील. पण त्यांनी हाताला धरून शाळेच्या गणवेशातली भाची आणली होती. पोरगी पोट धरून वाकली होती. मागून बहीण आली, धापा टाकत.

"अगं, या वयात सगळ्यांनाच दुखतं. तुझंही दुखायचं."

"म्हणूनच आणलंय," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या पेट्या फार उशिरा कामाला येतात, आणि सगळ्यांसाठी कामाला येतातच असं नाही. तुमच्या घरातली कुणी मुलगी दुखतंय म्हणाली, शाळा बुडते इतकं दुखतंय म्हणाली, तर तिला गप्प करू नका. डॉक्टरांकडे न्या.

बाईंनी माझ्या डोक्यावरचा जग उचलला, पोरीला पेलाभर पाणी पाजलं आणि दार वाजवलं.