काट्यावरून हात ओळखू नये

मी एक जुना पाना आहे. साधासुधा नव्हे, मित्रांनो, नट किती घट्ट झाला हे मोजणारा. माझ्या तबकडीवर दोन काटे आहेत. एक शून्यावर परत येतो, दुसरा जिथवर गेला तिथेच थांबतो. जन्मभर माणसांच्या मुठीत राहून माझा स्वभाव संशयी झाला आहे. कोणी प्रेमाने पुसले, तरी आज याला काय हवे आहे, असेच मनात येते.

माझे काम गुणाकाराचे. लांबी आणि जोर, दोन्ही सदिश, म्हणजे दिशा असलेले. दांड्याला काटकोनात रेटा, जोर पुरेपूर लागू पडतो. दांड्याच्याच दिशेने रेटा, कितीही घाम गाळलात तरी नट ढिम्म हलत नाही. हातगाडीचे उलटे असते. तिला जायच्या दिशेनेच ढकलावे लागते, आडवा जोर वाया जातो. तो दुसरा गुणाकार, त्याने काम मोजतात.

गॅरेजात मला दोघेच वापरत, मालक आणि म्हातारे फिटर काका. एका सकाळी एक ट्रक अर्ध्या वाटेतून परत आला. मागच्या चाकाचे नट सैल झाले होते. चालकाला वेळीच कळले म्हणून निभावले. आदल्या दिवशी घाईघाईत दोघांनीही चाके आवळली होती, आणि हे शेवटचे चाक कोणी आवळले ते आठवेना. मालकांनी मला उचलले. थांबलेला काटा बराच खाली होता.

"हा आकडा भागिले पान्याची लांबी. बघा, एवढासाच जोर! काका, हात थकले तुमचे. उद्यापासून नका येऊ."

काका फडक्याला हात पुसू लागले. माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. चोर सोडून संन्याशाला सुळी तर नव्हे?

मालकांची मुलगी डबा घेऊन आली होती. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकते. शहाणपणा मिरवणार आता, असा मला तिचाही संशय आला.

"बाबा, असा भागाकार होतच नाही," ती म्हणाली. "सदिशाला सदिशाने भागता येत नाही. काटकोनात थोडा जोर लावा नाहीतर तिरका भरपूर लावा, आकडा तोच येऊ शकतो."

"म्हणजे मी आवळलं ते चाक? माझ्या अंगात काय कमी ताकद आहे?"

"मग लावून दाखवा ना."

मालक नेहमीसारखे एका हाताने, दांड्यावर तिरके रेलले. मानेच्या शिरा फुगल्या. काटा त्याच आकड्यापाशी येऊन थांबला. मुलीने मला काकांपुढे धरले. त्यांनी मला हातात घेतले नाही.

"बरं काका, झालं गेलं विसरा. या उद्या," मालक पुटपुटले.

"नको. वीस वर्षं हे हात बघितलेत तुम्ही," काका म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. ते परत आले नाहीत. मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, मी संशय घेतो, पण माझ्या संशयाने कोणाचे काम सुटत नाही. तुमच्या संशयाने सुटते. हाती आकडा आला म्हणून मागे जाऊन माणूस ठरवू नका. आत्ता तुम्ही मान डोलावता आहात, पण माझा तुमच्यावरही फारसा विश्वास नाही. "काका, तुम्ही कसं आवळता, दाखवता का?" त्या सकाळी एवढे विचारले असते, तरी पुरले असते.