पहिलं तेल

गाडी आणि मी एकाच आठवड्यात या घरात आलो. गाडी दोन दिवस आधी आली, त्यामुळे मान तिचा मोठा होता आणि माझ्याशी कसं वागायचं हे तिच्यावरून ठरलं.

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, सगळी नोकरी बंदरातल्या लाँचच्या इंजिनांवर केली. त्यांचं म्हणणं असं की नव्या इंजिनाचे भाग एकमेकांना ओळखत नसतात. सुरुवातीला ते एकमेकांना घासतात आणि घासत घासतच आपापल्या जागी बसतात. त्यात लोखंडाचा बारीक कीस निघतो आणि तेलात उतरतो. ते पहिलं तेल लवकर काढून टाकलं नाही, तर तोच कीस इंजिनाला आतून खातो. इथपर्यंत माझी काहीच हरकत नव्हती. पण बाबांच्या मते माणसाचं इंजिनाहून फारसं वेगळं नसतं, आणि हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. तेही इंजिनवालेच होते.

नव्या गाडीवर लोड टाकायचा नाही, म्हणून मला पाण्याची बादली उचलायला बंदी झाली. नवी गाडी नुसती सुरू करून उभी ठेवायची नाही, म्हणून मी खिडकीपाशी जरा विचार करत उभी राहिले की बाबा मागून येऊन सांगत, एक तर बस नाही तर चाल. सगळ्यांत वाईट म्हणजे, नव्या गाडीला फार वेळ एकाच वेगात चालवायचं नाही. मी पुस्तक घेऊन बसले आणि चांगली रंगात आले की बाबा मला अंगणात चक्कर मारायला पाठवत. नवऱ्याशी हसत बसले तर बाहेरून खाकरत. एकदा मला माहेरच्या आठवणीने रडू आलं, तर आईंना म्हणाले, दहा मिनिटं झाली, आता तिला काहीतरी विनोदी सांग. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी बिचाऱ्यांनी खरंच एक विनोद सांगितला, पण शेवट विसरल्या.

गाडीतून जाणं ही आणखी वेगळी शिक्षा होती. बाबा वेग वाढवत, उतरवत, पुन्हा वाढवत, आणि मागे बसलेल्यांच्या पोटात ढवळायचं. एकदा वाहतूक पोलिसाने अडवलं. दारू पिऊन चालवता का, असं त्याने विचारलं. बाबांनी त्याला बॉनेट उघडून पिस्टनपासून समजावलं. त्याला ते इतकं पटलं, की तो आपल्या नव्या बुटांचं काय करावं असं विचारू लागला. आम्हाला तिथून निघायला पाऊण तास लागला, आणि तेवढा वेळ इंजिन बंद होतं म्हणून बाबा खूश होते.

तुम्ही म्हणाल, सासरी इतके लाड होतात आणि हिची तक्रार काय. तक्रार हीच, की मला धड दमता येत नव्हतं, धड रागावता येत नव्हतं. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टरांकडून साचे येतात, त्यांवर मी कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या घडवते. दिवसभर हातात घासायचं यंत्र असतं. त्यात दोन बस बदलून घरी यायचं आणि आल्यावर इंजिन थंड व्हायला म्हणून दारातल्या खुर्चीवर गप्प बसायचं. जीव नकोसा झाला होता.

म्हणून मी दोन खोल्या बघितल्या. लॅबच्या मागच्या गल्लीत, कुलुपांच्या दुकानावर. ओटा लहान होता, पण खिडकी मोठी होती. घरमालकीण म्हणाली, महिनाअखेरपर्यंत थांबते, मग दुसऱ्याला देईन. नवरा यायला तयार होता. अडचण एवढीच, की बाबांना सांगायचं कोणी? माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, अनोळखी माणसं अडकली की त्यांना जाळीतून धीर देतो, पण वडिलांसमोर त्याच्या तोंडाला कुलूप. तू सांग म्हणाला. आणि मी सांगणार होते, कारण महिनाअखेरच्या रविवारी माझं पहिलं तेल होतं.

ही या घराची जुनी पद्धत. घरात नवीन आलेल्या माणसाला थोडे दिवस झाले, की खिडकीसमोरच्या खुर्चीत बसवतात. चहा झाल्यावर लगेच, कारण इंजिन कोमट असतानाच तेल नीट निघतं. त्या माणसाने आजवर जे जे घासलं, टोचलं, ते सगळं बोलून टाकायचं. तो खुर्चीतून उठेपर्यंत बाकीच्यांनी चकार शब्द काढायचा नाही, आणि नंतर तो विषय पुन्हा कधी काढायचा नाही. एका भाडेकरूला असं बसवलं होतं. त्याचं बोलून झालं आणि तो तसाच सामान घेऊन निघून गेला. कुत्र्यालाही बसवलं होतं. तो काही बोलला नाही, म्हणून बाबा त्याला घरातला सर्वांत टिकाऊ भाग म्हणायचे.

आईंना मी खोल्यांचं आधीच सांगितलं होतं. इतकंच नाही, ओटा पुरेल का ते बघायला त्यांना तिथे नेलंही होतं. त्यांनी ओट्याकडे बघितलंच नाही. खिडकीशी उभ्या राहिल्या आणि बराच वेळ खालची गल्ली बघत राहिल्या. मी म्हटलं, आई, निघू या का? तर म्हणाल्या, इथे कोणी चक्कर मारायला पाठवत नाही, नाही का. मला वाटलं, माझ्याबद्दलच बोलताहेत.

रविवारी सकाळी आधी गाडीचं तेल झालं. सर्व्हिस सेंटरच्या पोऱ्यागत तरुण साहेबाने, आजकालच्या गाड्यांना इतक्या लवकर बदलायची गरज नसते, असं सांगून काखा वर केल्या होत्या. म्हणून बाबांनी अंगणातच गाडी चढावर घेतली, खाली झोपले आणि नट उघडला. काढलेलं तेल काचेच्या बरणीत भरून उन्हात धरलं. आत खरंच बारीक चकाकी होती. बाबांनी बरणीच्या बाहेरून लोहचुंबक फिरवलं, तसा तो कीस काचेशी गोळा होऊन त्याच्यामागून चालू लागला. एवढं सगळं बिचारीच्या पोटात होतं, ते म्हणाले. बिचारी म्हणजे गाडी. मी तिथेच उभी होते.

मग हात धुऊन सगळे आत आले. चहा झाला. पहिलं वाक्य मी लॅबमध्ये साच्यांसमोर म्हणून पाठ केलं होतं. बाबांनी खुर्ची खिडकीसमोर सरकवली आणि मला खूण केली. मी उठले, आणि तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि त्या खुर्चीत बसल्या.

बाबा म्हणाले, अगं, आज हिचं आहे.

"माझं राहिलंय," आई म्हणाल्या. "लग्नानंतर माझा दिवस ठरला होता. त्या सकाळी तुमच्या लाँचचं इंजिन बंद पडलं. पुढच्या रविवारी करू म्हणालात."

बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आईंनी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि बाबांनी तोंड मिटलं. नियम त्यांच्या वडिलांचा होता.

आई बोलू लागल्या. आवाज चढवला नाही. रोजचा हिशोब सांगावा तशा बोलत होत्या. पांढऱ्या टॉवेलला काळे हात पुसायचात. घरी आल्यावर आधी इंजिन कसं आहे ते सांगायचात. माझ्या बाळंतपणात मला दवाखान्याच्या पायरीवर उतरवलंत आणि गिअरबॉक्स बघून येतो म्हणून गेलात, आलात तेव्हा मूल चार तासांचं झालं होतं. हे ऐकून ते मूल, म्हणजे माझा नवरा, जमिनीकडे बघायला लागला. मला संध्याकाळी थोडा वेळ एकटीला बसायचं असायचं, आई म्हणाल्या, तर तुम्ही येऊन म्हणायचात, का गं, बंद पडलीस का?

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं. जेवायची वेळ झाली आणि टळून गेली. आई उठेनात, त्यामुळे कोणाला बोलता येईना. कुत्रा बाहेर जायला हवं म्हणून दाराशी कुंई कुंई करत होता, त्याला नवऱ्याने नुसत्या हाताने गप्प केलं. बाबा बरणी मांडीवर घेऊन बसले होते. खरं सांगते, मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी मनातून आनंदही झाला. दोन्ही एकदम झालं.

शेवटी आई म्हणाल्या, "कुलुपांच्या दुकानावरच्या खोल्या मी घेतल्या. काल त्या बाईंना सांगून आले."

माझ्या खोल्या! मी आईंकडे बघितलं, पण बोलायची मुभा मला तरी कुठे होती. आई मग उठल्या. त्यांची पिशवी दाराआड भरून तयारच होती.

आता बोलायला हरकत नव्हती, पण आई पिशवी घेऊन अंगणात उतरल्याही होत्या. त्यांना सोडायला बाबांनी गाडी काढली. मी मागे, मांडीवर गादीची वळकटी घेऊन. बाबा सवयीने वेग वाढवू-उतरवू लागले. पहिल्या वळणावर आई म्हणाल्या, एकसारखी चालवा. आणि बाबांनी खोल्यांपर्यंत गाडी एकसारखी चालवली. माझ्या पोटात पहिल्यांदा ढवळलं नाही, पण आतून मी धुमसत होते. ज्या बाईला मी विश्वासाने खिडकी दाखवली, तिनेच माझ्या हातावर तुरी दिल्या होत्या.

त्या रात्री घरात आम्ही तिघं आणि कुत्रा. मी बादली उचलली, कोणी अडवलं नाही. खिडकीशी उभी राहिले, कोणी हटकलं नाही. बाबा बरणी उजेडात फिरवत बसले होते. मग म्हणाले, इतकं जुनं तेल एकदम काढलं की कुठून तरी गळायला लागतं. दुसऱ्या दिवशी जाऊन खाली बघावं लागतं. मी म्हटलं, बघायला जाऊ या, पण तिथे गेल्यावर बोलायचं नाही.

सकाळी आम्ही तिघं गेलो. आईंनी दार उघडलं. बाबा उंबऱ्याशी उभे राहून खाली फरशीकडे बघत राहिले.

"काही गळत नाही," आई म्हणाल्या. "आत या आणि गप्प बसा."

आत एकच खुर्ची होती, ती खिडकीसमोर. बाबा गादीच्या कडेवर बसले, नवरा ओट्याला टेकला. आईंनी चहा केला. तो पिऊन झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "कोमट आहेस तोवर बस. काल तुझं राहिलं, आता पुढच्या रविवारवर ढकलायचं नाही."

मी बसले. पाठ केलेलं वाक्य केव्हाच विसरले होते. बाबा, तुम्ही मला इतकं जपता की मला घरात गुदमरायला होतं, मी म्हटलं. मला दमू द्या, चिडू द्या, हवं तेवढं रडू द्या. आणि आम्हाला वेगळं राहायचंय. याच खोल्यांत राहायचं होतं, पण त्या आईंनी घेतल्या. शेवटचं वाक्य बोलताना मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. दहा मिनिटं उलटून गेली असतील. कोणी विनोद सांगितला नाही. बाबांचे ओठ दोनदा हलले, पण त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले होते आणि त्यांची मान खाली होती.

मी उठले. नियमाप्रमाणे विषय संपला होता, आता तो कोणालाच काढता येणार नव्हता. आईंनी कमरेची किल्ली काढली, माझ्या हातावर ठेवली आणि पुन्हा उचलून कमरेला खोचली.

"महिन्याने देते," त्या म्हणाल्या. "नवीन घर आहे, त्याच्यावर एकदम दोन माणसांचा लोड टाकायचा नसतो. तोवर मी ते जरा सावकाश चालवून ठेवते."