ढालीमागची वैदीण

चित्र आलं तेव्हा मी एका गृहस्थांच्या दंडाला रबरी पट्टा बांधत होते. मी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. सकाळी सात ते साडेदहा मान वर करायला उसंत नसते, त्यात फोन खिशात थरथरला. नळ्या भरल्या, कापूस लावला, "पाच मिनिटं दाबून धरा" म्हटलं आणि पुढच्या माणसाला हाक मारायच्या आधी फोन काढून पाहिला.

चित्र सुंदर होतं. माझी वहिनी धनुष्य ताणून उभी. माझा मामेभाऊ दोन हातांत दोन कुऱ्हाडी घेऊन. मधोमध माझा दादा, हातात दाराएवढी ढाल. मी चित्र मोठं केलं, डावीकडे सरकवलं, उजवीकडे सरकवलं. मी नव्हते. मग ढालीच्या कडेवरून बाहेर आलेला एक हात दिसला. मनगटापर्यंतच. त्यातून हिरवा उजेड येत होता.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला त्या सकाळी कळलं. पुढच्या बाईंची शीर मला दोनदा शोधावी लागली. एरवी मला कधी दोनदा शोधावी लागत नाही.

आता आधीचं सांगते. आम्ही चौघं दर रविवारी दुपारी एक ऑनलाइन गेम खेळतो. पाच वर्षं झाली. दादा-वहिनी एका शहरात, मामेभाऊ दुसऱ्यात, आई आणि मी तिसऱ्यात. मामेभाऊ सहा फूट दोन इंच आहे, म्हणून त्याला सगळे टिल्ल्या म्हणतात. गेममध्ये दादा पुढे उभा राहून मार खातो, वहिनी लांबून बाण मारते, टिल्ल्या न विचारता कुठेही घुसतो, आणि मी वैदीण. म्हणजे या तिघांना लागलं की हातातल्या हिरव्या उजेडाने जखमा भरायच्या, आडवे पडले की उठवायचं. प्रत्येकाच्या डोक्यावर एक तांबडी पट्टी असते, जीव किती उरलाय ते सांगणारी. ते तिघं राक्षस बघतात, मी पट्ट्या बघते. पाच वर्षांत मी एकही राक्षस नीट पाहिलेला नाही. लढाई जिंकली की दादा म्हणतो, "बघितलंत, किती मार खाल्ला मी?" खाल्ला हे खरं. खाऊन मेला कसा नाही, हे त्याने कधी विचारलं नाही.

माझी वैदीण मी जीव लावून घडवली आहे. पन्नाशीची, अंगाने रुंद, पिकलेली वेणी कमरेपर्यंत, पट्ट्याला औषधांच्या सतरा कुप्या आणि पायांत दोन रंगांचे बूट, कारण एक बूट एका लढाईत मिळाला आणि दुसरा दीड वर्षाने. गेममधल्या बाकीच्या वैदिणी अठरा वर्षांच्या असतात आणि बर्फात उघड्या पोटाने फिरतात. माझी तसली नाही.

चौघांचं चित्र काढून घ्यायची कल्पना माझी. अशी पात्रं ऑर्डरवर काढून देणारे पुष्कळ आहेत. मी दोन महिने त्यांची कामं चाळली, कारण बहुतेकांना वयस्कर बाई काढताच येत नाही, तरुण पोरीला पांढरे केस चिकटवतात आणि झालं. शेवटी एक चित्रकार सापडली, तिला येत होतं. मग चौघांच्या पात्रांचे पुढून, मागून, बाजूने फोटो मी काढले. टिल्ल्याच्या पट्ट्याचं बक्कल कुठल्या बाजूला, हे त्याला तीन वेळा विचारलं. चित्रकाराचा पत्ता ग्रुपवर टाकला, कुणाला काही सुचवायचं असेल तर असू दे म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिचा नियम सरळ होता. आधी पेन्सिलचं कच्चं चित्र. ते मान्य झालं की रंग. रंग सुरू झाल्यावर बदल नाही. कच्च्या चित्रात मी सगळ्यांच्या पुढे एका गुडघ्यावर बसले होते, हातात कुपी, आणि दादाच्या ढालीचं खालचं टोक माझ्या खांद्यामागे गेलं होतं. मी ते ग्रुपवर टाकलं. टिल्ल्याने अंगठा दिला, वहिनीने बदाम, दादाने लिहिलं "मस्त". मी तिला मान्य म्हणून कळवलं आणि तीन आठवडे वाट बघितली.

दुपारच्या सुट्टीत मी चित्रकाराला फोन लावला.

"मी कुठंय?"

"कोण बोलतंय?"

"हिरवा हात बोलतोय."

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?" ती म्हणाली.

"काय माहीत नव्हतं?"

"रंग चालू असताना तुमच्या दादांचा मेल आला. ढाल अख्खी दिसली पाहिजे, वैदिणीला मागे घ्या. मी विचारलं, ताईंना सांगितलंय ना? ते म्हणाले, घरातलीच गोष्ट आहे, तिची कशाला हरकत नसते."

तिची कशाला हरकत नसते. हे वाक्य ऐकून डोळ्यांत पाणी आलं, आणि मला रडायचं नव्हतं, म्हणून मी ओरडले. ऑर्डर माझी, मान्यता माझी, आणि कुणा एकाच्या मेलवर तुम्ही माणूस खोडता? तिने थोडा वेळ ऐकून घेतलं, मग तीही तापली.

"खोडलेलं नाही. तुम्हाला आठ दिवस रंगवलंय मी. कुप्या मोजून सतरा. एक बूट तपकिरी, एक निळा. मेल आला तेव्हा तुम्ही पूर्ण झाला होतात. तुम्हाला मागे सरकवलं आणि वर ढाल काढली. फाइलमध्ये तुम्ही अजून आहात, ढालीखाली. पाठवते, बघा."

तिने पाठवलं. पांढऱ्या कागदावर मी एकटी, वेणीच्या पेडापासून बुटाच्या नाडीपर्यंत, कपाळावर आठ्यासुद्धा. बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच संताप झाला. काढलीच नसती तर वाटलं असतं, जमलं नसेल. ही तर सगळी काढली आणि मग झाकली. तरी तिच्यावर ओरडणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला कळत होतं. पण संन्याशानेही मला एक फोन करायला हवा होता, हे मी आजही म्हणते.

संध्याकाळी दादाला फोन केला.

"आलं का तुला? भारी ना?" तो म्हणाला.

"मी कुठंय त्यात?"

"आहेस की. तो उजेड तुझाच आहे."

"उजेड?"

"नीट बघ. ढालीवर हिरवं पडलंय ना, ते तुझ्यामुळं. खरं तर सगळ्यात महत्त्वाची तूच आहेस त्यात."

"मग तू हो उजेड. मला ढाल दे."

तो हसला. आमच्या घरात मी चिडले की आधी हसतात. "अगं, लढाईत तू मागेच असतेस. जे खरं तेच काढून घेतलं मी. आणि आता छापायला दिलंय ते, हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावायला."

माझ्या कामावर आयत्या बिळावरच्या नागोबासारखा येऊन बसला, वर मलाच खरंखोटं शिकवत होता. मागून वहिनी म्हणाली, "ताई, मी म्हटलं होतं हो यांना, विचारा म्हणून." म्हटलं होतं, पण मला एका शब्दाने कळवलं नव्हतं. टिल्ल्याला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं: "तसा हात छान आलाय." पुढे अळीमिळी गुपचिळी.

आई माझ्याकडे असते, दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडल्यापासून. गेम म्हणजे काय ते तिला माहीत नाही, रविवारी आम्ही लढायला बसतो एवढंच ठाऊक. तिला चित्र दाखवलं. चष्मा लावून तिने तिघांना बरोबर ओळखलं. "दादाला बारीक केलाय," म्हणाली. मग तिचं बोट थांबलं.

"हा हात कुणाचा?"

"माझा."

तिने फोन डोळ्यांजवळ धरला. "पहिल्यापासूनच आहे हे त्याचं. फोटो काढायला लागलं की तुझ्यापुढे येऊन उभा राहायचा. आम्हाला हसू यायचं."

"हसायचं कशाला? बाजूला करायचं."

"हो," आई म्हणाली. "करायला हवं होतं."

तिने चष्मा काढून मिटून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मला तिच्यावर रागवायचं नव्हतं, पण आला राग, काय करू. मला त्या चित्राचं कौतुक नको होतं. कुणी पाहुणा आला, त्या सोफ्यावर बसला, वर बघितलं, तर त्याने चार माणसं मोजावीत, तीन नाही. एवढंच मला हवं होतं, आणि ते मी कुणासाठी सोडणार नव्हते.

रात्रीच ग्रुपवर लिहिलं: "चित्र माझ्यासकट पुन्हा करून घ्यायचं. रविवारच्या आत दादाने स्वतः चित्रकाराला कळवायचं." दादाने लिहिलं, "बघतो." दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी टिल्ल्याने रविवारी किती वाजता बसायचं ते विचारलं.

रविवारी दगडी राजाशी लढाई होती. तळघरातला हा राजा आम्हाला तीन महिने हरवत होता. मी कानाला हेडफोन लावला आणि पहिलं विचारलं, "कळवलंस?"

"अगं, आधी लढाई तर होऊ दे."

बरं, म्हटलं. ते तिघं आत शिरले. मी उंबरठ्याबाहेर थांबले. राजा उंबरठा ओलांडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या घावाला दादाची पट्टी अर्ध्यावर आली. मी हात मांडीवर ठेवले. खोटं कशाला सांगू, बोटं शिवशिवत होती. पाच वर्षांची सवय. पट्टी उतरली की माझं बोट आपोआप जातं.

"भर," दादा म्हणाला. "भर, भर."

"ताई, माझं संपत आलंय," वहिनी म्हणाली.

"तुझं नेट गेलं का?"

"नाही," मी म्हटलं. "मी मागे आहे. तू घेतलंस तिथं."

मग त्यांना कळलं. टिल्ल्या कुऱ्हाडी टाकून माझ्या दिशेने धावत सुटला, उंबरठ्यावर येऊन पडला. त्याच्यामागून वहिनी. दादा शेवटी. तो मागे सरकत सरकत आला, ढाल पुढे धरून, आणि माझ्या पायांशी कोसळला. ढाल बाजूला उताणी पडली. दगडी राजा वळला, आपल्या आसनावर जाऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं तोंड नीट पाहिलं.

"तीन महिने घातलेत आपण यात," दादा म्हणाला. "एका चित्रासाठी?"

"हो."

"खेळ आहे हा."

"मग हरायला काय जातंय तुझं?"

वहिनी हळूच म्हणाली, "अहो, एकदा चुकलं म्हणा ना त्यांना."

"आधी उठवू दे तिला," दादा म्हणाला. "मग बोलू."

मी कॅमेरा फिरवून समोर आणला. रुंद बाई, पिकलेली वेणी, सतरा कुप्या, एक बूट तपकिरी, एक निळा. पायांशी तिघं आडवे. मध्ये काहीच येत नव्हतं. मी फोटो काढला आणि चित्रकाराला पाठवला. लिहिलं, "नवीन ऑर्डर. हे असंच काढायचं."

तिचं उत्तर लगेच आलं. "कच्चं चित्र मान्य कोण करणार?"

"मी. दुसऱ्या कुणाचा मेल आला तर उघडू नका."

"चालेल," तिने लिहिलं.

"काय करतेयस तू?" कानात दादा विचारत होता. "उठव ना गं. किती वेळ पडून राहायचं?"

"रंगासकट तीन आठवडे," मी म्हटलं. "तोपर्यंत हलू नकोस."