कोरडी जखम

"अहो, पू कसला, ओलसुद्धा नाही. बघा तरी," बायको म्हणाली. सिस्टरने नडगीवरची पट्टी नुकती सोडली होती.

ड्रेसरमामांनी मान उचलून पाहिलं. याच इस्पितळात त्यांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या जखमा धुण्यात घालवला होता. आता खाटेवर ते स्वतः होते. जखम चांगली खोल होती, पण भोवती ना लाली, ना सूज. ताप मात्र हटायला तयार नव्हता. सिस्टरने नवी पट्टी बांधली आणि नजर चुकवून ती पुढच्या खाटेकडे गेली.

"पोराला सकाळीच कळवलं," बायको खुशीत होती. "म्हटलं, एवढ्या लांबून धावतपळत येऊ नकोस, जखम सुकलीय. तुम्हीच नाही का सांगायचात, पू थांबला की निम्मं काम झालं?"

सांगायचे खरं. जेवतानासुद्धा पुवाच्या गोष्टी सांगून त्यांनी तिला पिडलं होतं. आता तोच धडा अंगाशी आला होता.

"इकडे बस जरा. जखम झाली की तिथल्या पेशी रसायन सोडतात. त्याच्या मागावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात. आलेल्या पेशी आणखी रसायन सोडून बाकीच्यांना बोलावतात. त्या गर्दीने सूज येते, मेलेल्यांचा पू होतो."

"शंभरदा ऐकलंय."

"माझ्या हाडांत त्या पेशी आता तयारच होत नाहीत. जखम बोलावतेय गं, पण यायला कुणी उरलं नाही. म्हणून कोरडी आहे. आत जंतूंना रान मोकळं."

"काहीतरीच तुमचं," ती हसली. हसू ओठांवरच राहिलं. "डॉक्टर काय म्हणाले?"

"तू सकाळी खाली गेली होतीस ना, तेव्हा हेच म्हणाले."

ती नीटच असलेली चादर ओढून सरळ करत राहिली. मामांना मरणाची भीती वाटत होती, पण तिचा आनंद आपल्या तोंडाने मोडावा लागला, हे जास्त लागलं.

"पोराला बोलावून घे. आजच निघू दे."

तिने फोन लावला. पलीकडून "हं, आई" आलं. तिने फोन मामांच्या कानाला लावला.

"बाबा? जखम सुकली ना?"

"सुकली," मामा म्हणाले. "तरी ये."

"निघतो," पोरगा म्हणाला. फोन बंद झाला. बायको तरी तो त्यांच्या कानाशी धरूनच उभी होती, आणि मामांनीही तिला काढ म्हटलं नाही.