तीन भिंतींच्या घरातला सोफा

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे, पण तुमच्या घरात असतो तसला नव्हे. समोरून बघाल तर हिरवी मखमल, गोल हात आणि पितळी खिळ्यांची नक्षी. मागे याल तर नुसती उघडी फळी आणि तिच्यावर सुताराने पेन्सिलीने केलेली मोजमापं. मी टीव्हीच्या मालिकेसाठी बनलो. माझी पाठ कॅमेऱ्याला कधी दिसणारच नव्हती, मग तिच्यावर कापड कोण वाया घालवणार? "समोरून राजा दिसला की झालं," असं म्हणून सुताराने मला उचलून दिलं.

मला ज्या दिवाणखान्यात ठेवलं, त्याला तीनच भिंती होत्या. छप्पर नव्हतं, वर दिव्यांची रांग होती. खिडकीतून दिसणारं झाड फळीवर रंगवलेलं होतं. तिथे मला पिटू भेटला. सहा वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला. मालिकेतल्या घराचं तो शेंडेफळ होता. माझ्यावर बसला की त्याचे पाय जमिनीला टेकत नसत. दिवे लावायला वेळ लागला की तो माझ्यावरच मुटकुळं करून झोपे. स्वतःचे संवाद तर त्याला पाठ असतच, पण मोठ्यांचेही असत. कुणी अडखळलं की हा हळूच पुढचा शब्द सांगायचा आणि सगळे हसायचे. त्याची आई रोज बरोबर यायची आणि कॅमेऱ्याच्या मागे एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत विणकाम करत बसायची.

पिटूला एकच गोष्ट जमत नसे. त्याला रडू येत नसे. मुळात हसरं पोर ते, रडणार कसं? डोळ्यांत ग्लिसरीन घातलं की डोळे लालभडक व्हायचे, पण खालचं तोंड हसतच असायचं.

एका दुपारी त्याला आजारी बहिणीसाठी रडायचं होतं. अकरा वेळा घेऊनही प्रसंग जमेना. तेव्हा दिग्दर्शक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्याच्या शेजारी येऊन बसले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "पिटू, तुझी आई निघून गेली. म्हणाली, मला नको हा मुलगा. आता ती यायची नाही."

पिटूने वळून खुर्चीकडे पाहिलं. विणकाम खुर्चीत पडलेलं होतं. आई नव्हती.

मग तो जो रडला! त्याची नखं माझ्या मखमलीत रुतली होती. कॅमेरा चालू होता. प्रसंग संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो भाग घरोघरी पाहिला गेला आणि वर्षाअखेरीस पिटूला बक्षीस मिळालं.

तेरा वर्षांचा झाला तेव्हा त्याचा आवाज फुटला. मालिकेत त्याला शिकायला परगावी पाठवलं आणि तिथून तो परत आलाच नाही. घरातलं कुणी त्याची आठवणही काढेना, कारण लेखकाने ती लिहिलीच नव्हती. खरा पिटू आपल्या घरी बसून राहिला. सुरुवातीला रस्त्यात लोक थांबवायचे, "अरे, तू तोच ना?" हळूहळू तेही बंद झालं. शाळा तर केव्हाच मागे पडली होती. त्याला फक्त एकच जागा नीट माहीत होती, ती म्हणजे छप्पर नसलेलं घर.

म्हणून एकोणिसाव्या वर्षी तो परत आला आणि कॅमेऱ्यासमोर पाटी धरू लागला. मग सहायक झाला. मग दिग्दर्शक. चौतिसाव्या वर्षी त्याने स्वतःची निर्मिती संस्था काढली. मी तेव्हा गोदामात पडद्यांच्या ढिगाखाली होतो. त्याने ढीग उपसला, माझ्या हातावरून हात फिरवला आणि म्हणाला, "हा चालेल." मला नवी मखमल मिळाली. पाठ तशीच उघडी राहिली.

त्याची पहिली मालिका लोकांनी डोक्यावर घेतली. एकदा त्याची आई सेट पाहायला आली. आता ती काठी घेऊन चालायची. ती माझ्यावर बसली तेव्हा पिटूने हसत हसत विचारलं, "आई, त्या दिवशी तू गेली कुठे होतीस गं?"

"कुठे जाणार? त्या रंगवलेल्या झाडामागे उभी होते. मास्तर म्हणाले, ताई, पाच मिनिटं दिसू नका, पोराचं भलं होईल."

"म्हणजे तुला ऐकू येत होतं?"

"सगळं," आई म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सेटच्या दारावर एक कागद लागला. त्यावर पिटूने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'या सेटवर मुलांशी कुणीही खोटं बोलायचं नाही.' माझी छाती, म्हणजे माझी गादी, त्या दिवशी फुगली होती. पुढे नऊ वर्षं त्याने तो शब्द पाळला. मुलांना रडू आलं नाही तर तो प्रसंग बदलायचा, मुलाला पाठमोरं दाखवायचा, लेखकाशी भांडायचा.

मग त्याच्या मालिका चालेनाशा झाल्या. एकामागून एक दोन बंद पडल्या. तिसरीत आठ वर्षांची एक मुलगी होती, तिला सगळे मुंगी म्हणत. तिला आईवडील नव्हते. आजोबा तिला घेऊन यायचे आणि तिच्या चपला मांडीवर ठेवून बसायचे. एके दिवशी चॅनलच्या बाई येऊन सांगून गेल्या, "या आठवड्यात लोकांचे डोळे ओले झाले नाहीत, तर मी काही करू शकणार नाही."

मुंगीला रडू येईना. सात वेळा, आठ वेळा झालं. पिटूने आजोबांना फाटकाजवळच्या टपरीवर चहा प्यायला पाठवलं. दार सताड उघडून भिंतीला टेकवलेलं होतं, त्यामुळे तो कागद भिंतीकडे गेला होता. पिटू माझ्यावर तिच्या शेजारी बसला. त्याने एकदा दाराकडे पाहिलं. मला वाटलं, उठेल. मित्रांनो, मला खरंच वाटलं होतं, उठेल.

"मुंगी, आजोबा बाहेर चक्कर येऊन पडले," तो म्हणाला. "दवाखान्यात नेलंय. वाचतील असं वाटत नाही."

प्रसंग एका फटक्यात झाला. टाळ्या झाल्या. थोड्या वेळाने आजोबा बिस्किटांचा पुडा घेऊन आले. मुंगी त्यांच्याकडे धावली नाही. ती पिटूकडे बघत राहिली.

"काका, तुम्ही खोटं बोललात?"

"काम होतं गं, बाळा."

तीन दिवसांनी पुन्हा रडायचा प्रसंग आला. पिटू तिच्याजवळ येऊ लागला तशी तीच म्हणाली, "काका, तुम्ही काही सांगू नका. मला जमतं आता. आजोबा मेले असं मनात म्हटलं की येतं."

पिटू जागच्या जागी थांबला. सगळे त्याच्याकडे बघत होते. मग तो मागे फिरला आणि म्हणाला, "कॅमेरा."

एवढं करूनही मालिका दोन महिन्यांत गुंडाळली. भिंती उतरवण्याचं काम चालू होतं त्या दुपारी मुंगीचे आजोबा आले. पिटू माझ्यावर एकटाच बसला होता. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"साहेब, मुंगीला नवीन मालिका मिळाली. ते लोक म्हणतात, हिला रडवावं लागत नाही, सांगितलं की लगेच डोळे भरतात. तुमच्या हाताखाली शिकली. पण मनात काय आणते विचारलं तर मला सांगतच नाही, लबाड!"

आजोबा कौतुकाने हसले. आजोबा गेल्यावर तो तसाच बसून राहिला. शेवटी सुतार म्हणाले, "साहेब, उठता का? सोफा न्यायचाय."

त्यानंतर त्याने नवी मालिका केल्याचं कानावर आलं नाही. मी आता एका शेडमध्ये उभा आहे. माझा कापूस उंदरांनी उपसला आहे. मला पुसा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझं काय, मी लाकूड. पण मित्रांनो, पडद्यावर एखादं लहान मूल खरंखुरं रडताना दिसेल आणि घरातलं कुणी म्हणेल, "काय सुंदर काम करतंय!", तेव्हा लगेच टाळ्या वाजवू नका. त्या पोराला काय सांगितलं असेल, एवढं एकदा मनात आणा. पोरगं आत कुठे एकटं पडलंय, हे बाहेर बसलेल्या कुणाला तरी कळू द्या.