उलट्या पावलांचा उतार

“डावीकडं घ्या, बाबा. डावीकडं! माज्या न्हाई, तुमच्या!”

जगनची टाच दगडाला लागली. तो डगमगला, सावरला आणि पुन्हा मागे पाऊल टाकू लागला. सोबतची माणसं खदखदून हसली. माधुरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पन्नाशीचा गवंडी बाप डोंगरावरच्या वस्तीपासून वेल्ह्याच्या बाजारापर्यंत उलटा चालत निघाला होता, आणि वाट सांगायला त्याच्या तोंडासमोर ती. तिची मैत्रीण रत्ना मोबाईल काढायला लागली, तेव्हा माधुरीने डोळे वटारले.

“खबरदार! माज्या कॉलेजात जाईल हे.”

वरच्या वस्त्यांसाठी एक जुनी रुग्णवाहिका घ्यायची होती. वर्गणी मागून मागून जगनची जीभ कोरडी पडली, पण कुणी पावती फाडेना. शेवटी हॉटेलवाले धनाजीशेठ चेष्टेत म्हणाले, “वस्तीवरनं उलटा चालत ये, पैली पावती माजी.” चहा पिणाऱ्यांनीही आपापल्या पावत्या कबूल केल्या. मागे वळून बघितलं की सगळं रद्द, एवढीच अट. जगनने ते मनावर घेतलं. हा माणूस एकदा मनावर घेतो आणि मग घरच्यांना घाम फुटतो.

मुरमाच्या उतारावर सगळे थबकले. ही जवळची पायवाट जेमतेम, एका अंगाला दरी. शेजारचे म्हातारे गेनबा पुढे झाले.

“जगन, बास झालं. वळ आता. कोन बी नावं ठेवायचं न्हाई.”

“बाबा, वळा,” माधुरीने विनवलं. “ऱ्हाऊ द्या ती गाडी.”

जगनने नकारार्थी मान हलवली.

“हितं वाट सांगू नगंस. तेराचा पाडा म्हन.”

“आत्ता?”

“व्हय. माज्याकडं बगून म्हन.”

त्याने टाचेने मुरूम चाचपला आणि पाऊल मागे टाकलं. चौथीत असताना माधुरीला मण्यार चावली होती. वर यायला गाडीच मिळाली नाही, म्हणून खुर्चीला बांबू बांधून चौघांनी तिला खाली नेलं, हे तिने घरात अनेकदा ऐकलं होतं. तिला स्वतःला आठवत होता तो फक्त बाबांचा चेहरा, आणि त्यांचं एकच टुमणं, पाडा म्हन. बाबा शेजारून चालत असतील, असंच ती धरून चालली होती.

“तवाबी ह्यो असाच उतरला,” गेनबा हळूच म्हणाले. “पुढचा बांबू ह्याच्याच हातात. तोंड तुज्याकडं, पाठ उताराकडं. पोरगी झोपली तर हातची जाईल म्हनायचा. आमी लई सांगितलं, पन वळला न्हाई.”

माधुरीने बापाच्या डोळ्यांत बघितलं.

“तेरा एके तेरा,” तिने सुरुवात केली. “तेरा दुणे सव्वीस...”

जगन उतरत राहिला. त्याचे डोळे तिच्या तोंडावरून हलले नाहीत. आता कुणी हसत नव्हतं. तेरा सकला ती अडखळली, तसा तो जागच्या जागी थांबला. चेहरा एकदम उतरला.

“फुडं?”

“अठ्ठ्याहत्तर, बाबा. अठ्ठ्याहत्तर!”

“तवाबी हितंच अडली हुतीस,” तो म्हणाला आणि आज पहिल्यांदा हसला.

बाजार जवळ आला तशी माणसं दुकानांतून बाहेर आली. धनाजीशेठ पावतीपुस्तक घेऊन रस्त्यातच उभे होते. शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या. पण बाजाराला दिसत होती ती जगनची नुसती पाठ, मुरमाच्या धुळीने भरलेली. माधुरीने ओरडून हाक मारली.

“रत्ने, मोबाईल काढ! आन् हिकडं ये, माज्या बाजूला. आमच्या बाबांचं तोंड आलं पायजे.”