बेताचा नालायक

बाळचं वय अठ्ठेचाळीस. मोठ्या बहिणीच्या, ताईच्या, तोंडात 'बाळ' बसलं ते बसलंच. डोळे गेल्यावर तर तिने त्याला पुरतं बाळ करून टाकलं. तरी गाद्यांच्या कारखान्यात नुसता हात फिरवून आतली गुठळी शोधावी ती त्यानेच. राहायला अपंगांसाठीच्या एका संस्थेने खोली दिली होती. अडेल तिथे संस्थेचा माणूस मदतीला येई, बाकी ज्याचं त्याने बघायचं. या खोलीवर बाळचा फार जीव. इथे मीठ कुठे ठेवायचं ते तो ठरवत असे.

आता त्या खोलीवर गदा आली होती. संस्थेच्या तपासनीस बाई येणार होत्या. नियम असा, की ज्याला काहीच जमत नाही त्याने घरी जावं, म्हणजे ताईकडे. ज्याला सगळंच जमतं त्याला मदत कशाला, त्यानेही खोली सोडावी. आणि बाहेर आंधळ्या माणसाला खोली देतंय कोण, म्हणजे पुन्हा ताईच. खोली टिकवायची तर माणूस बेताचा नालायक असायला हवा. हा नियम काढणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

बाळने मनाशी ठरवलं, बाईंसमोर चहा करायचा आणि त्यात साखरेऐवजी मीठ घालायचं. मिठाच्या बरणीला रबरबँड लावलेलं असे, ते चाचपायचा अवकाश.

त्या दिवशी ताई सगळ्यांच्या आधी हजर. आल्या आल्या ती त्याच्या स्वेटरची बटणं लावायला लागली. ती लावलेलीच होती, म्हणून तिने काढून पुन्हा लावली. शेजारच्या शिंपीणबाईही आल्या. त्यांना ऐकू येत नसे. बाळ त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढून बोले, त्यामुळे नियमाची भानगड त्यांना ठाऊक होती.

बाळने रबरबँडची बरणी उचलली, दोन चमचे घातले आणि चहा पुढे केला. तपासनीस बाई एक घोट प्यायल्या आणि म्हणाल्या, चहा फक्कड झालाय.

बाळ गारच पडला. तेवढ्यात शिंपीणबाई त्याच्या कानाशी लागल्या. आपला आवाज केवढा आहे हे त्यांना कळत नसल्याने ते कुजबुजणं जिन्यापर्यंत गेलं. "रबरबँड मी काढून साखरेच्या बरणीला लावलं होतं रे, तू चुकावंस म्हणून!"

तपासनीस बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुम्हाला सगळं जमतं, खोली सोडावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. ताईने लगेच बॅग ओढली.

"बाई," बाळ म्हणाला, "एक गोष्ट मला एकट्याला जमत नाही."

"कोणती?"

"ताईला नाही म्हणणं."

ताईचा हात बॅगेवरच थांबला. तपासनीस बाई नियमाच्या पक्क्या. करून दाखवा, म्हणाल्या. बाळने घसा खाकरला, मान ताठ केली.

"कपडे भरायला घेऊ ना, बाळ?" ताईने विचारलं.

"हो," बाळ म्हणाला.

खोली वाचली.

तेव्हापासून दर रविवारी ताई भेटायला आली की संस्थेचा माणूस दोघांच्या मधे खुर्ची टाकून बसतो आणि बाळच्या वतीने नाही म्हणतो. ताई आधी फुगून बसली. मग त्याच्यासाठीही खाऊ आणायला लागली.

पण सवयीने माणूस शिकतो. एका रविवारी ताईने घरी चल म्हणताच बाळ सरळ म्हणाला, "नाही ताई, मी इथेच बरा आहे." आवाज जरासुद्धा कापला नाही. खुर्चीवरचा माणूस चपापून सावरून बसला. आता याला माझी काय गरज, हे तो संस्थेत जाऊन सांगणार हे उघड होतं.

बाळने घाईघाईने स्वेटरचं वरचं बटण काढलं आणि गळा ताईपुढे केला.

"हे तेवढं जमत नाही बघ मला," तो म्हणाला.

ताईला सगळं समजलं होतं. तिने बटण लावलं, मुद्दाम सावकाश. बाळला फार बरं वाटलं, आणि हे बरं वाटणं काही त्या माणसाला दाखवण्यापुरतं नव्हतं.